बंद लखोटा आणि फिरतीवरचं पोरगं : प्रोबेशन अहवालाचं एक प्रकरण

दोषी ठरवून तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी फक्त शिक्षेवर ऐकायचं होतं. आमचा पुकारा झाला तसा क्लार्कनी एक खाकी लखोटा न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो फोडला, आतली दोन पानं वाचली, घडी घालून परत लखोट्यात सरकवली. मी उठून विचारलं, अहवालात काय म्हटलंय ते आम्हाला कळावं. ‘तो गोपनीय असतो, वकीलसाहेब,’ एवढंच उत्तर आलं. मग मी पोराचं वय, घरची परिस्थिती, पहिलाच गुन्हा, असं नेहमीचं बोललो. अर्ध्या तासात सहा महिने साध्या कैदेचा हुकूम झाला. कारण एका ओळीत होतं : प्रोबेशन अधिकाऱ्यांचा अहवाल प्रतिकूल आहे. शिक्षेऐवजी बंधपत्रावर सोडावं का, हे ठरवताना कोर्ट ज्यांच्याकडून आरोपीच्या घरची आणि वागणुकीची माहिती मागवतं, ते हे अधिकारी.

ज्या कागदामुळं माणूस तुरुंगात चालला, तो कागद त्यानं पाहिलेला नाही, त्याच्या वकिलानंही नाही. सीमाभागातल्या कोर्टांत इतकी वर्षं काढूनही त्या दिवसाइतकं हतबल मला क्वचितच वाटलं असेल. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. गाव, कोर्ट आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

गाव बेळगावच्या पश्चिमेकडच्या भातपट्ट्यातलं. रोपलावणीचे दिवस, सन २०२२. बांधावरून भाऊबंदांत जुनं भांडण. चुलत चुलत्यानं वरच्या वाफ्यातलं पाणी आपल्याकडं वळवलं. हा पोरगा नुकताच अठरा पुरा झालेला, हातात कोयता, बोलाचाली वाढली आणि चुलत्याच्या दंडाला लागलं. सहा टाके पडले, हाड शाबूत. भारतीय दंड संहितेचं कलम ३२४ लागलं, म्हणजे घातक हत्यारानं दुखापत, जास्तीत जास्त तीन वर्षं. साक्षीदार घरचेच होते आणि घटना घडलेली होती. दोषी ठरणार हे मला पहिल्यापासून माहीत होतं, त्याच्या वडिलांनाही मी तसं सांगितलं होतं. माझी सगळी भिस्त पुढच्या टप्प्यावर होती.

तो टप्पा म्हणजे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. आपल्याकडं सगळे त्याला ‘प्रोबेशन’च म्हणतात. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल असे गुन्हे सोडून इतर गुन्ह्यांत कोर्ट शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. ते कलम ४. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल तर कलम ६ आणखी पुढं जातं : अशाला तुरुंगात पाठवायचंच असेल तर कोर्टानं कारणं लिहून ठेवायची, आणि त्याआधी प्रोबेशन अधिकाऱ्यांचा अहवाल मागवायचाच. वय कुठल्या दिवसाचं धरायचं, यावर रामजी मिसर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६२ सालीच सांगून ठेवलंय की गुन्ह्याच्या दिवसाचं नाही, दोषी ठरवून कोर्ट पुढचं ठरवतं त्या दिवसाचं. निकालाच्या दिवशी आमचा पोरगा वीस वर्षांचा होता, म्हणजे कलम ६ त्याला पुरेपूर लागू होतं. अहवाल मागवला गेला, तोही कायद्याप्रमाणंच. माझी तक्रार अहवाल मागवल्याची नाही. असा अहवाल आला पाहिजे. कोर्टात कोयता दिसतो, त्या कोयत्यामागचं घर दिसत नाही. ते दाखवायचं काम या अधिकाऱ्यांचं, आणि एकेका अधिकाऱ्याकडं केवढा मुलूख असतो ते मी पाहिलंय.

अडचण कलम ७ मध्ये आहे. त्याचं पहिलं वाक्य म्हणतं, हा अहवाल गोपनीय मानला जाईल. बहुतेकजण तिथंच थांबतात. त्यालाच जोडलेलं परंतुक, म्हणजे ‘परंतु’नं सुरू होणारी पुढची तरतूद, मात्र असं : कोर्टाला योग्य वाटलं तर अहवालाचा मथितार्थ अपराध्याला कळवता येईल, आणि त्यातल्या गोष्टींबद्दल पुरावा द्यायची संधी देता येईल. म्हणजे १९५८ साली कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की अहवाल चुकू शकतो, आणि चुकला तर ते पहिल्यांदा त्याच माणसाला कळेल ज्याच्याबद्दल तो लिहिलाय. गुपित कुणापासून राखायचं? गावापासून, शेजाऱ्यापासून, उद्या त्याला नोकरी देणाऱ्यापासून. घरातली भांडणं, आजारपणं, व्यसनं त्या दोन पानांत असतात, ती चावडीवर जाऊ नयेत. ज्याच्या आयुष्याची ती पानं, त्याच्यापासूनच ती पूर्ण झाकायची असं कलम म्हणत नाही.

माझी चूक इथं सांगितली पाहिजे. मी तोंडी विचारलं आणि नकार आल्यावर गप्प बसलो. त्याच क्षणी लेखी अर्ज द्यायला हवा होता : परंतुकाप्रमाणं मथितार्थ कळवावा, उत्तराला मुदत द्यावी, तोवर शिक्षा सुनावू नये. खटला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली चालला होता. तिच्या कलम २४८(२) प्रमाणं दंडाधिकाऱ्यांनी शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचं ऐकून घेणं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या खटल्यांत तीच तरतूद तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७१ मध्ये आहे. सत्र खटल्यांतल्या अशाच तरतुदीबद्दल संता सिंग प्रकरणात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय की हे ऐकणं नावापुरतं नको, शिक्षेवर परिणाम करणारी माहिती पुढं ठेवायची खरी संधी हवी. समोरच्या कागदात काय आहे तेच कळलं नाही तर बोलायचं कशावर? मी वयावर बोललो, गरिबीवर बोललो. अहवालात काही वेगळंच होतं.

शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळाला, त्यामुळं पोरगं हिंडलग्याच्या तुरुंगात गेलं नाही. लगेच मी अहवालाच्या नकलेचा अर्ज टाकला. तीन दिवसांनी शेरा आला : गोपनीय, नक्कल देता येत नाही. गावातल्या एका शिकलेल्या नातेवाइकानं माहिती अधिकारात अर्ज केला. मी त्याला आधीच सांगितलं होतं, हा रस्ता बंद आहे. कोर्टाच्या रेकॉर्डमधले कागद कोर्टाच्या नियमांनीच मागायचे, माहिती अधिकारातून नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. तोही अर्ज परत आला. दोन महिने गेले ते गेलेच. निकाल लागून गेल्यावर हा कागद मिळवणं फार अवघड असतं. मागायची वेळ लखोटा फोडला जातो ती.

अपील दाखल करण्याआधी एका रविवारी मी गावात गेलो. अहवालात काय असेल याचा अंदाज घ्यावा म्हणून. घर म्हणजे कौलारू सोपा, पुढं गवताची गंजी, दारात दोन म्हशी. पोरगा अंथरुणात होता, सकाळचे अकरा वाजले तरी. मला क्षणभर वाटलं, आळशी आहे. मग आईनं सांगितलं, रात्री दोनला बेळगावच्या मार्केटात भाजीचा टेम्पो भरायचा, चोर्ला घाट उतरून पहाटे म्हापशाला माल टाकायचा, तिथून रिकामा टेम्पो घेऊन परत. हा त्या टेम्पोवर क्लीनर. गोव्याची भाजी बेळगाववरून जाते हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण रात्री जागून ती पोचवणाऱ्याला दिवसा झोपावं लागतं, हे माझ्याही चटकन लक्षात आलं नाही.

मी विचारलं, प्रोबेशनचे साहेब आले होते का? आले होते, दुपारी. पोरगा नव्हता, त्या दिवशी पणजीत टेम्पो बंद पडला होता. वडिलांशी बोलले, पाणी प्यायले, कोपऱ्यावरच्या दोन घरांत चौकशी केली, गेले. त्यातलं एक घर जखमी चुलत्याच्या सख्ख्या मेहुण्याचं. काय विचारलं, काय सांगितलं, हे वडिलांना धड आठवत नव्हतं. ‘कानडीत विचारलंनी, मी मराठीत सांगितलो, थोडं थोडं कळत होतं त्यास्नी,’ एवढंच म्हणाले.

सत्र न्यायालयात मी अपिलासोबत स्वतंत्र अर्ज जोडला, कलम ७ च्या परंतुकाखाली. प्रोबेशनचा आदेश अपिलातही देता येतो, ते कलम ११ मध्ये आहे, त्यामुळं मथितार्थ कळवायचा अधिकारही अपील कोर्टाला आहे, असं माझं म्हणणं. सरकारी वकिलांनी विरोध केला आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. माहिती देणारे शेजारी उद्या बोलायचे बंद होतील, भाऊबंदकीच्या गावात नाव फुटलं तर पुन्हा कोयते निघतील, शिवाय परंतुकात ‘कळवता येईल’ असं आहे, ‘कळवलंच पाहिजे’ असं नाही. मी म्हटलं, मला नावं नकोत, पानंही नकोत. पोराविरुद्ध काय म्हटलंय तेवढं सांगा.

दुसऱ्या देशांत यावर कायदा पुष्कळ पुढं गेलाय. अमेरिकेत गार्डनर विरुद्ध फ्लोरिडा या खटल्यात ज्यूरीनं जन्मठेप सुचवली होती. न्यायाधीशांनी मात्र फाशी दिली, तीही अशा अहवालाच्या आधारावर ज्याचा गोपनीय भाग आरोपीला दाखवलाच नव्हता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली ती शिक्षा रद्द केली. आज तिथल्या संघीय कोर्टांत शिक्षेच्या किमान ३५ दिवस आधी अहवाल आरोपीच्या हातात पडतो. विश्वासानं बोललेल्यांची नावं झाकतात, आणि झाकलेल्या भागाचाही सारांश द्यावा लागतो. आपल्याकडं फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या मनोज प्रकरणातल्या निकालानंतर, म्हणजे मे २०२२ पासून, आरोपीच्या आयुष्याची माहिती सविस्तर मागवायचा आग्रह आला. पण तालुक्याच्या कोर्टात सहा महिन्यांची शिक्षा भोगायला निघालेल्या भाजीवाल्या पोराच्या वाट्याला ती बारकाई अजून आलेली नाही. सहा महिने म्हणजे काहीच नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या सोप्यात एकदा बसून यावं.

न्यायाधीशांनी मोठा कायदेशीर प्रश्न ठरवायच्या भरीस न पडता अर्ज मंजूर केला. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आलेलंच होतं. त्यांनी लखोटा मागवला, स्वतः वाचला, आणि स्टेनोला चार मुद्दे सांगितले. मग क्लार्कना म्हणाले, आरोपीला मराठीत समजावून सांगा. हे वाक्य लहान आहे, पण इथं राहणाऱ्याला त्याचं मोल कळेल. अहवाल कन्नडात, मुद्दे इंग्रजीत, आणि ज्याच्याबद्दल सगळं चाललंय त्याला दोन्ही भाषा कामापुरत्याच. साक्षी आरोपीला न कळणाऱ्या भाषेत झाल्या तर त्या त्याला समजेल अशा भाषेत सांगाव्यात, असा नियम जुन्या संहितेच्या कलम २७९ मध्ये होता. प्रोबेशन अहवाल साक्ष नसते, म्हणून तो त्या नियमात बसत नाही. मथितार्थ कळवायचा तर तो कळेल असाच कळवला पाहिजे, हे वेगळं लिहून ठेवायची गरज पडू नये. पण पडते.

पहिला मुद्दा : आरोपी गावात कायम राहत नाही, भटकत असतो. दुसरा : रात्री घरी नसतो, गोव्याला येजा करतो. तिसरा : गोव्याची दारू आणल्याचा एक गुन्हा त्याच्यावर नोंद आहे. चौथा : तापट आहे, घरच्यांचा धाक नाही.

पहिला मुद्दा सांगताना न्यायाधीशांनी मूळ कन्नड शब्द मोठ्यानं वाचला : ‘अलेदाडुत्तिरुत्ताने’. मागच्या बाकावरून पोराचे वडील एकदम उठले. ‘मी फिरतीवर असतंय म्हटलो की साहेब! टेम्पोवर! भटकतंय म्हणून कुठं म्हटलो?’ शिपायानं त्यांना खाली बसवलं. न्यायाधीशांनी लखोट्यातल्या पानाकडं पुन्हा एकदा पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

फिरतीवर असणं म्हणजे आपल्याकडं कामावर असणं. एसटीचा कंडक्टर फिरतीवर असतो, भांडी विकणारा बोहारी फिरतीवर असतो. हाच शब्द दुसऱ्या भाषेत जाताना उनाड झाला. अधिकाऱ्यांनी खोडसाळपणानं लिहिलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे ऐकलं ते त्यांच्या भाषेत उतरवलं. पण त्या एका क्रियापदाचा कायद्यातला परिणाम बघा. कलम ४ च्या परंतुकाप्रमाणं अपराध्याला किंवा त्याच्या जामीनदाराला कायमचं राहतं ठिकाण किंवा नियमित कामधंदा आहे अशी कोर्टाची खात्री पटल्याशिवाय प्रोबेशनवर सोडताच येत नाही. भटकणाऱ्याला ठिकाण नाही आणि धंदाही नाही. बापानं पोराची रोजी सांगितली, आणि नेमकी तीच त्याला प्रोबेशनसाठी अपात्र ठरवून गेली. आणखी एक गोष्ट मला अजून सलते : ज्या माहितीचा उगम गुप्त ठेवण्यासाठी एवढा आटापिटा झाला, ती माहिती त्याच्याच बापानं दिली होती.

तिसऱ्या मुद्द्याला दहा दिवस लागले. आपल्या गावांत एकाच आडनावाची तीस-चाळीस घरं असतात, आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. याच नावाआडनावाचे त्या पंचक्रोशीत तिघं निघाले. पोलीस ठाण्यातून मिळालेली माहिती नाव आणि आडनावावरची होती, वडिलांचं नाव त्यात जुळवलेलं नव्हतं. आम्ही त्या दारूच्या गुन्ह्याच्या फिर्यादीची प्रमाणित नक्कल काढली. आरोपीचं वय ३८. वडिलांचं नाव वेगळं, वाडीही वेगळी. ज्या दिवशी अहवाल वाचला गेला त्या दिवशी कुणी एवढंच विचारलं असतं, ‘तुझ्यावर दारूची केस आहे म्हणे?’ तर पोरानं जागेवरच ‘ते आमच्या वरच्या वाडीतले’ म्हणून सांगितलं असतं.

येजा करण्याच्या मुद्द्याला मार्केटातल्या अडत्याची वही कामाला आली. लांबट लाल बाइंडिंगची वही, प्रत्येक खेपेपुढं टेम्पोचा नंबर, पोत्यांचा आकडा, भाडं, आणि शेवटच्या घरात क्लीनरच्या नावानं हजेरी. अमावस्येला आणि संपाच्या दिवशी घर रिकामं. दीड वर्षाची पानं आम्ही खुणा घालून नेली. टेम्पोमालकानं शपथपत्र दिलं. तो स्वतः कोर्टात आला तेव्हा डोळे तारवटलेले होते, रात्रीची खेप करून तसाच आला होता.

चौथा मुद्दा आम्ही नाकारला नाही. पोरगा तापट आहे. हातात कोयता असताना त्यानं हात उचलला, ते खरं. मी त्याला सांगितलं, हे खोडायला जाऊ नकोस, यासाठीच तर देखरेख मागतोय आपण.

न्यायाधीशांनी नवा अहवाल मागवला. या वेळी अधिकारी मार्केटातही गेले, रात्री. नव्या अहवालाचाही मथितार्थ आम्हाला सांगण्यात आला आणि तो अनुकूल होता. दोष कायम राहिला. शिक्षा रद्द होऊन कलम ४ खाली दोन वर्षांचं बंधपत्र, तेवढाच काळ प्रोबेशन अधिकाऱ्यांची देखरेख, आणि कलम ५ प्रमाणं चुलत्याला भरपाई. कोर्टानं बोलावलं तर शिक्षेसाठी हजर राहायचं, तोवर शांततेनं वागायचं. अट मोडली तर कलम ९ खाली पहिल्या वेळी पन्नास रुपयांपर्यंत दंडावर भागू शकतं, किंवा मूळ गुन्ह्याची शिक्षाही होऊ शकते. या दोन टोकांमध्ये केवढं अंतर आहे, ते मी त्याला दोनदा समजावलं. कलम १२ मुळं या दोषाची अपात्रता त्याला चिकटणार नाही. मात्र दोषसिद्धी पुसली गेली असं नाही, हेही सांगितलं. नोकरीच्या अर्जात त्याबद्दल विचारलं तर खरं लिहायचं.

अहवालाची ती मूळ पानं आम्ही शेवटपर्यंत पाहिली नाहीत. लखोटा पुन्हा बंद होऊन रेकॉर्डला गेला. कोपऱ्यावरच्या घरातून काय सांगितलं गेलं, चौथा मुद्दा कुणाचा, हे आम्हाला माहीत नाही. पोरानं जिन्यात मला विचारलं होतं, ‘सर, ते तापट म्हणून कोण सांगितलं?’ मी म्हटलं, मला ठाऊक नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं. बांध अजून तिथंच आहे, पाणी अजून त्याच वाफ्यातून येतं. कलम ७ मधली ही गुप्तता मला मान्य आहे. माझं भांडण होतं ते, पोराला ‘काय’ म्हटलंय हे कळू न देण्याशी. ‘कोणी’ म्हटलंय हे गुप्तच राहू दे.

तेव्हापासून मी एक छापील अर्जच करून ठेवलाय, कन्नडात एक आणि मराठीत एक, अहवाल मागवल्याच्या दिवशीच दाखल करायचा. त्यात तीनच मागण्या : मथितार्थ लेखी द्यावा, आरोपीला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा, आणि पुराव्याला किमान आठवड्याची मुदत द्यावी. कोर्टानं नाकारलं तरी तो नकार कागदावर येतो आणि अपिलात उपयोगी पडतो. पाच-सहा वेळा दिलाय. दोनदा नाकारला गेला.

बंधपत्राचा फॉर्म कन्नडात होता. क्लार्कनी ओळीओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितलं. ‘चांगली वर्तणूक’पाशी पोरानं थांबवून विचारलं, रात्री टेम्पोवर गेलेलं चालतंय ना? चालतंय म्हटल्यावर त्यानं सही केली. दुपारचे साडेतीन झाले होते, आणि दोनच्या खेपेआधी त्याला थोडं झोपायचं होतं.